घरातली पेटी अडून बसते तेव्हा

हिंदमाता म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात : कापडाची दुकाने आणि गुडघाभर पाणी. हा भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाण्याला वाट मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी इकडे काय झाले असेल ते सांगायलाच नको. पुढे महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. तरी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांची जुनी सवय काही सुटत नाही. मोलाची वस्तू माळ्यावर!

आमच्या माळ्यावर गेली काही वर्षे एक काळी पेटी आहे. २००५ च्या पाण्यात वडिलांच्या वह्यांचा लगदा झाला. वाचल्या त्या कॅसेटी. त्यांत आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मराठी शिकवणाऱ्याला या ठेव्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या आहेत. पण आमच्या आजीचा आवाज आमच्याच घरी. तो, लग्नाचे फोटो आणि घराची कागदपत्रे भाच्याने एका जुन्या संगणकात भरून दिली. यालाच घरगुती सर्व्हर म्हणतात. आत एक लहान डिस्क पेटी चालवणारी, आणि दोन मोठ्या डिस्का सामान सांभाळणाऱ्या. एकीवर लिहिले की तेच दुसरीवर आपोआप उमटते.

यंदा श्रावणात एका रात्री पेटीने आपणहून अपडेट घेतले आणि सकाळी ती उठलीच नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण फोटो दिसेनात. शेजारचे अण्णा म्हणाले, “फॉरमॅट मारा, मोकळे व्हा.” आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. भाचा मात्र आल्याबरोबर म्हणाला, “मामा, कुणी काही दाबू नका. आधी ती काय म्हणते ते वाचू.”

त्याने घरातला टीव्ही आणि एक कीबोर्ड पेटीला जोडला. पडद्यावर अक्षरे धावली, एका ओळीशी थबकली, दीड मिनिट वाट पाहिली आणि पेटीने हात टेकले.

वाचकहो, पेटी उठते कशी, ते समजले की निम्मी भीती जाते. प्रथम पाटावरची मूळ सूचना जागी होते. ती एका छोट्या कार्यक्रमाला हाक मारते, तो मुख्य प्रणालीला उठवतो, आणि प्रणाली हातात यादी घेऊन डिस्कांची हजेरी घेते. आमच्या यादीत त्या जोडीचे नाव ‘एमडी ०’ असे होते. अपडेटनंतर तीच जोडी ‘एमडी १२७’ या नावाने हजर झाली. मुलगा वर्गात बसलेला, पण हजेरीपटावर नाव निराळे! मास्तर नव्वद सेकंद थांबले आणि वर्गच सोडून दिला. सामानाला धक्काही लागलेला नव्हता. अण्णांचे ऐकून फॉरमॅट मारले असते, तर निरोगी डिस्का मात्र पुसल्या गेल्या असत्या.

भाच्याने सुरुवातीच्या यादीतून प्रणालीची आधीची आवृत्ती निवडली. पेटी उठली. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी त्याने सगळे सामान तिसऱ्या, सुट्या डिस्कवर उतरवून घेतले. मग हजेरीपटावर नावाऐवजी त्या जोडीचा न बदलणारा लांबलचक क्रमांक लिहिला, आणि ‘एखादी डिस्क गैरहजर असली तरी वर्ग चालू ठेवा’ अशी सूचना जोडली.

हे केवळ घरगुती पेट्यांचेच होते असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कार्यक्रमाच्या सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक अडले, विमाने खोळंबली.

जुळ्या डिस्का असल्या म्हणजे प्रत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते, हे खरे. पण चुकून पुसलेली ओवी दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. चोरी, आग, पाणी यांना तर दोन्ही सारख्याच. म्हणून जाणकार सांगतात : तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आमची तिसरी प्रत आता साताऱ्याला ताईकडे असते. पेटीचा पासवर्ड आणि कोणती डिस्क कशाची, हे एका कागदावर लिहून तो दागिन्यांच्या डब्यात ठेवला आहे.

यंदा फराळाचे डबे भरून झाले की आपल्या घरची प्रत एकदा उघडून पाहा. ती नुसती असून भागत नाही, उघडावीही लागते. आमच्याकडे परवा उघडली, तेव्हा आजीची पहिली ओवी ऐकून धाकट्याने विचारले, “ही कोण गाते आहे?”