ओल्खॉनचे शिलाकडे

रशियाच्या आग्नेय सायबीरियातील बैकल सरोवरात असलेल्या ओल्खॉन बेटाच्या किनाऱ्यावरील, विलक्षण आकारांमुळे प्रसिद्ध असलेले कडे, सुळके व गुहा. बेटाची लांबी सु. ७१ किमी. व क्षेत्रफळ सु. ७३० चौ. किमी. आहे. बेट आणि वायव्येकडील मुख्य भूमी यांमधील उथळ जलभागास मालोये मोर्ये (लहान समुद्र) म्हणतात. बेटाच्या दुसऱ्या बाजूस तळ एकदम खाली जातो व सरोवराची सर्वाधिक खोली (१,६४२ मी.) तेथेच आहे. उन्हाळ्यात यांतील पुष्कळ कडे नावेतून किंवा माथ्यावरूनच पाहावे लागतात. सरोवर गोठले म्हणजे मात्र त्यांच्या पायथ्याशी चालत जाता येते. म्हणून शिलादर्शनाचा खरा हंगाम फेब्रुवारी–मार्च हाच होय.

येथील खडक मुख्यतः रूपांतरित असून पट्टिताश्म व संगमरवर हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. त्यांचे रूपांतरण पुराजीव महाकल्पाच्या पूर्वार्धात, सु. ५० कोटी वर्षांपूर्वी, झाले. बैकलची खचदरी त्यामानाने अलीकडची, सु. २·५ ते ३ कोटी वर्षांची आहे. तिच्या विभंगांमुळे जुने खडक उघडे पडले आणि लाटा, वारा व भेगांत गोठणारे पाणी यांनी ते कोरले.

खुझीर गावाजवळील बुरखान भूशिरावरची शमांका (शमन शिला) ही यांत सर्वांत प्रसिद्ध. ती दोन शिखरांची असून किनाऱ्याकडील शिखर सु. ३० मी., तर सरोवराकडील सु. ४२ मी. उंच आहे. ग्रॅफाइटाचे कण असलेल्या या संगमरवरी शिळेत एक आरपार गुहा आहे. बुर्यात लोकांच्या श्रद्धेनुसार बेटाच्या अधिष्ठात्या देवतेचा तेथे वास असतो. पूर्वी स्त्रियांना शिळेजवळ जाण्यास मनाई होती आणि टापांचा आवाज होऊ नये म्हणून घोडेस्वार घोड्यांच्या खुरांना नमदा बांधून तेथून जात. पुढे बौद्ध धर्माचा प्रसार झाल्यावर गुहेत बौद्ध वेदीही होती. भूशिराच्या नावातील ‘बुरखान’ हा शब्दही मुळात बुद्धवाचक आहे. किनाऱ्यावर रंगीत वस्त्रे बांधलेले तेरा स्तंभ (सेर्गे) उभे आहेत. हे स्थान केवळ प्रेक्षणीय नाही, हे छायाचित्रांच्या हव्यासात सहज विसरले जाते. शिळेवर न चढता ती बर्फावरून पाहणे हेच उचित. तिचा सरोवराकडील कडा तेथूनच नीट दिसतो.

उत्तरेकडे सागान-खुशुन (श्वेत भूशिर) येथे संगमरवराचे तीन सुळके ‘तीन भाऊ’ म्हणून ओळखले जातात. तांबड्या शैवाकामुळे ते दुरून गंजल्यासारखे दिसतात. बेटाच्या उत्तर टोकाचे नाव खोबोय, म्हणजे सुळा. बर्फावरून पाहता त्याची बाह्यरेखा स्त्रीमुखासारखी भासते. मत्सरामुळे शिळा झालेल्या एका तरुणीची लोककथा त्याविषयी सांगतात.

हिवाळ्यात या खडकांवर बर्फाचे वेगळेच शिल्प चढते. पाण्यात साठलेल्या प्रचंड उष्णतेमुळे मुख्य सरोवर जानेवारीपर्यंत गोठत नाही. त्याआधीच्या वादळांत उडालेले तुषार कड्यांवर कित्येक मीटर उंचीपर्यंत गोठतात. या थरास स्थानिक भाषेत सोकुय म्हणतात. गुहांच्या छतांवरून बर्फाचे लोलक लोंबतात. बेटावर पर्जन्य अत्यल्प असून वारा हिम झाडून नेतो, त्यामुळे खालचे बर्फ काचेसारखे पारदर्शक राहते.

बर्फाच्या बारीक देठावर तोललेला चपटा दगड हे येथील आणखी एक नवल. दगडाखालचे बर्फ वितळत नाही. सूर्याच्या उष्णतेने भोवतालच्या बर्फाचे संप्लवन (घन स्थितीतून सरळ वायुरूप होणे) होते. दगडाच्या सावलीतील बर्फ कमी झिजते व देठासारखे उरते. दगडातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे देठाभोवती खळगाही पडतो. ताबेर्ले व प्लियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी धातूच्या चकत्या वापरून प्रयोगशाळेत असे देठ तयार केले व २०२१ मध्ये हे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. तोवर वाऱ्याला श्रेय देण्याकडे अनेकांचा कल होता.

बर्फाची जाडी साधारणतः एक मी.पर्यंत होते, तरी ते सर्वत्र सारखे भरवशाचे नसते. रात्रीच्या थंडीत ते आकुंचन पावून तोफेसारख्या आवाजासह तडकते. मोठ्या भेगा अनेक किमी. लांब व दोन-तीन मी. रुंद असतात आणि ताज्या हिमाखाली त्या दिसत नाहीत. तळातून वायू किंवा उबदार पाणी वर येते तेथे बर्फ विरते. पारदर्शकता हे मजबुतीचे लक्षण मानून अनोळखी वाटेने गाडी नेणे धोक्याचे ठरते. वाटाड्या हा येथे चैनीचा भाग नव्हे. मुख्य भूमीवरून बेटाकडे जाणारा हिममार्ग बर्फ पुरेसे जाड झाल्यावरच खुला केला जातो व त्यावर वाहनांच्या वजनास मर्यादा असते.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून ठेवलेल्या नोंदींनुसार, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरोवराचा बर्फमुक्त काळ दोन आठवड्यांहून अधिक वाढला. साहजिकच कड्यांच्या पायथ्याशी पायी पोहोचण्याचा अवधी तितकाच आखडला आहे. बेटाचा समावेश १९८६ मध्ये स्थापन झालेल्या प्रिबैकल्स्की राष्ट्रीय उद्यानात होतो. १९९६ पासून बैकलचे क्षेत्र जागतिक वारसास्थळ आहे. [→ बैकल सरोवर].