नव्या भिंतीला जुनेपणाचा साज

रंगवलेल्या लाकडी भिंतीला मुद्दाम झिजलेले, ग्रामीण रूप देण्याचे तंत्र सोपे आहे. प्रथम कोऱ्या फळ्यांवर गडद रंगाचा हात द्यावा. तो वाळल्यावर कडा, कोपरे आणि नेहमी स्पर्श होणाऱ्या जागी मेणबत्ती घासून वरून फिका रंग लावावा. मेणावर रंग नीट धरत नाही. त्यामुळे बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवताच खालचा रंग डोकावतो. सर्वत्र सारखेच घासल्यास मात्र कृत्रिमपणा उघडा पडतो. शेवटी उरलेले मेण पुसून मॅट वॉर्निश लावावे.

भिंतीवर जुना ऑइलपेंट असल्यास सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग घासल्यास शिसेयुक्त धूळ उडू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. अशा वेळी रंग शाबूत असल्यास ओल्या फडक्याने भिंत स्वच्छ करून प्रायमर व गडद रंग द्यावा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग ओढावा. न घासताही जुनेपण साधते. रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर आधी शिशाची तपासणी करून घेणेच श्रेयस्कर.