दोघांत एकच चेंडू

कुंभार पिंपळगावच्या बचत गटांकडून आज आम्ही गोल्फबद्दल बोलणार आहोत. हा साहेबी खेळ आपल्याला काय करायचा, असं वाटेल. पण त्यातही गटाने खेळायचा एक प्रकार आहे.

एरवी सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकतो. सांघिक सामन्यात हिशोब एकेका होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याचा. असे 18 होल. एका होलला दहा फटके लागले तरी नुकसान तेवढ्याच होलचं. काही सामन्यांत दोघांत एकच चेंडू असतो, आळीपाळीने मारायचा. जोडीदाराने झुडपात घातला तर काढायचा आपण! जात्यावर जोडीने बसलेल्या बायांना हे लगेच कळेल.

2015 साली दक्षिण कोरियात प्रेसिडेंट्स कप झाला. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे युरोप सोडून बाकीचं जग, 12-12 खेळाडू. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्यात खेळणारा पहिला भारतीय. शेवटच्या दिवशी, अठराव्या होलवर, अगदी जवळचा चेंडू त्याच्याकडून हुकला आणि बरोबरीचा अर्धा गुण गेला. अमेरिका साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशी जिंकली. लोकांच्या लक्षात तोच फटका राहिला. खरं तर अर्धा-एक गुण संघातल्या कितीतरी जणांनी घालवला होता. 2017 साली कर्णधाराने त्याला पुन्हा संघात घेतलं.

बायकांचा असाच सोल्हाइम कप 1990 पासून होतो, पण फक्त अमेरिका आणि युरोप यांच्यात. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली बंगळुरूची अदिती अशोक त्यात खेळू शकत नाही. बाकीच्या जगातल्या बायकांना तिथे संघच नाही, हे आम्हाला खटकतं.