शाईचा थेंब आणि प्रकाशाची पारख

पिकावरील प्रकाश मोजणारीं उपकरणें बहुधा सिलिकॉनचीं असतात. सिलिकॉन वितळण्यास सुमारें १४१४ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते; त्यामुळें भट्ट्या व यंत्रें यांचा खर्च मोठा असतो.

यास दुसरी वाट निघाली आहे. १९७७ सालीं शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनीं प्लॅस्टिकांतूनहि वीज वाहूं शकते असें दाखविलें. त्याबद्दल त्यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रकाश पडतांच ज्यांत वीज खेळूं लागते अशा अर्धवाहक पदार्थांची आतां शाई करतात आणि कचेरींतील छपाईयंत्राच्या रीतीनें ती पातळ पटलावर थेंबाथेंबानें सोडतात. थेंब कांहीं पिकोलिटरांचा. पिकोलिटर म्हणजे लिटराचा एक लक्ष कोटीवा अंश. हवा तेथेंच थेंब पडल्यानें माल फारसा वाया जात नाहीं.

खरी अडचण थेंब सुकतांना येते. फवारलेल्या औषधाचा थेंब वाळला कीं पानावर पुष्कळदां कडेस वर्तुळ उमटतें. १९९७ सालीं शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा वर्तुळांचें कारण सांगितलें: कडेचें पाणी लवकर उडतें, ती तूट भरण्यास मधलें पाणी तिकडे धांवतें व कण सोबत नेतें. शाईचा थर असा विषम झाल्यास मापन बिघडतें. म्हणून निरनिराळ्या वेगानें उडणारे द्राव शाईंत मिसळतात.

शेतकरी बंधूंनीं असें उपकरण घेतांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्या. ओलावा व हवा यांनीं असे कित्येक थर नासतात, तेव्हां तें नीट बंद केलेलें आहे काय? आणि शाईंत शिसें आहे काय? असल्यास फुटकें उपकरण शेतांत टाकूं नये.