मार्का आपला, राखणही आपलीच

खेड्यातला माणूस दुकानी गेला म्हणजे कारखानदाराचे नाव विचारीत बसत नाही. “तो घोड्याच्या चित्राचा डबा द्या” एवढेच तो म्हणतो. हे चित्र किंवा नाव म्हणजेच व्यापारचिन्ह. आपल्या बोलीत मार्का. वर्षानुवर्षे चोख माल देऊन मिळवलेली पत त्या एवढ्याशा चित्रात साठलेली असते.

आता समजा, आपल्या मार्क्याशी मिळताजुळता मार्का दुसऱ्या कोणी नोंदवू पाहतो आहे. तर आपण काय करावे? कायद्याने यासाठी एक दार उघडे ठेवले आहे. नोंदणीसाठी स्वीकारलेला अर्ज ‘ट्रेडमार्क जर्नल’मध्ये जाहीर होतो. त्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत कोणाही व्यक्तीला लेखी विरोध करता येतो. आपला मार्का नोंदलेलाच असावा, अशी अट नाही. मात्र ही मुदत वाढवून मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

पुढची रीत साधी आहे. आपली विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने उत्तर दिले पाहिजे; न दिल्यास अर्ज त्याने सोडून दिला असे मानतात. उत्तर आले, तर ते हाती पडल्यापासून दोन महिन्यांत आपण प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा. येथे जुनी बिले, जाहिराती, वेष्टने कामी येतात. तेव्हा ती रद्दीत घालू नका! नंतर अर्जदाराचा पुरावा, मग सुनावणी आणि निकाल.

आणि विरोध केलाच नाही तर? याचे उत्तर ‘अमृतधारा’च्या खटल्यात सापडते. हे औषध विसाव्या शतकाच्या आरंभापासून बाजारात होते. 1950 साली उत्तर प्रदेशातील एका व्यापाऱ्याने ‘लक्ष्मणधारा’ या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. ‘अमृतधारा’वाल्यांनी विरोध केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1962 मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणाले, शब्दांची फोड करून अर्थ लावीत बसू नका. अर्धवट आठवणीवर माल घेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल का, ते पाहा. अमृत वेगळे नि लक्ष्मण वेगळा खरा, पण कानाला दोन्ही नावे सारखीच लागतात. घोटाळा होईल, असेच न्यायालयाने ठरविले.

म्हणजे ‘अमृतधारा’वाले पुरते जिंकले का? नाही. ‘लक्ष्मणधारा’ 1923 पासून उत्तर प्रदेशात विकली जात होती, तिच्या जाहिराती उघडपणे छापून येत होत्या आणि तरीही हे गप्प राहिले होते. म्हणून तेवढ्या प्रांतापुरती ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी कायम झाली. कान बरोबर ठरले, पण मौन महागात पडले.

म्हणून जर्नलवर नजर असू द्या. ते इंटरनेटवर फुकट पाहावयास मिळते. नोंदणी कार्यालयाचे मुख्य ठाणेही आपल्या मुंबईतच आहे. शंका आली, तर चार महिने सरण्याआधी जाणत्या वकिलाला गाठा. शेताला कुंपण घालायचे ते पीक उभे असताना. गुरे चरून गेल्यावर नव्हे.