‘पंच’ : उच्चार एक, कुळे तीन

इंग्रजीतील ‘पंच’ हा एकच उच्चार मुष्टिप्रहार, मद्ययुक्त पेय आणि कळसूत्री खेळातील विदूषक असे तीन अर्थ वाहतो. परंतु त्यांचे गोत्र एक नव्हे. ठोशाचा पंच भोसकणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाशी निगडित आहे, तर विदूषक हा इटलीच्या पुल्चिनेल्लाचा वंशज असून १८४१ साली लंडनला निघालेल्या विख्यात विनोदी साप्ताहिकाने त्याचेच नाव धारण केले. पेयाची हकीकत मात्र आपल्या निकटची आहे : सतराव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वावरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने, पाच जिनसांच्या मिश्रणामुळे हिंदुस्थानी ‘पाच’वरूनच हे नाव पडले, अशी स्पष्ट नोंद केली आहे. काही कोशकार पिंपवाचक शब्दाकडे बोट दाखवतात. तथापि फ्रायरची साक्षच मला अधिक ग्राह्य वाटते.