निकालाची चूक आणि न्यायमूर्तींची खुर्ची

नागपूरच्या इतवारी सराफ्यातला तराजू वैधमापन खात्याचा निरीक्षक तपासतो, पण कोणत्या गिऱ्हाइकाला किती सोने तोलून द्यायचे हे तो ठरवत नाही. न्यायाधीशांचे उत्तरदायित्वही याच रेषेवर उभे आहे. ती रेषा कुठे पुसट होते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या एका प्रकरणात दिसले.

काय घडले?

१९ जानेवारी २०२१ रोजी न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी बालकांच्या संरक्षणासाठीच्या पोक्सो कायद्यातील लैंगिक अत्याचाराच्या कलमाचा अर्थ लावताना त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श आवश्यक मानला. देशभर टीका झाली. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला. या गुन्ह्यात लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपड्यांचा आडोसा नव्हे, असे न्यायालयाने सांगितले.

निकाल चुकला तर?

त्यासाठी अपील आहे. वरचे न्यायालय चूक दुरुस्त करते आणि कारणे लिहून देते. चुकीच्या निकालाबद्दल नोकरी जाऊ लागली, तर सरकारला किंवा गर्दीला न आवडणारा निकाल द्यायला कोण धजावेल?

वर्तन चुकले तर?

गैरवर्तनासाठी संसदेचा मार्ग आहे. लोकसभेतील १०० किंवा राज्यसभेतील ५० सदस्यांच्या सह्या, १९६८ च्या कायद्यानुसार तिघांची चौकशी समिती आणि मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने न्या. व्ही. रामस्वामी यांना दोषी धरले, तरीही १९९३ मध्ये लोकसभेत ठराव पडला.

दुसरा मार्ग अंतर्गत चौकशीचा. त्याचे मूळ मुंबईत आहे. १९९५ मध्ये वकील संघटनांच्या दबावाखाली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांनी राजीनामा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की संघटनांनी ठराव करून दबाव आणू नये, तक्रार मुख्य न्यायमूर्तींकडे न्यावी. १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची कार्यपद्धती स्वीकारली गेली.

फट कुठे आहे?

गनेडीवाला अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या. अनुच्छेद २२४ नुसार ही नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, म्हणून त्यांना दूर ठेवायला वरच्या दोन्ही मार्गांची गरज नव्हती. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने, म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, आधी केली आणि या निकालावरील टीकेनंतर मागे घेतली. एकाच वर्षाची मुदतवाढ मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे निवृत्तिवेतनही नाकारले गेले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते देण्याचा आदेश दिला.

निकाल चुकीचा होता, यात वाद नाही. त्यांना कायम न करणेही कदाचित योग्यच असेल. पण निकाल रद्द करताना कारणे खुल्या न्यायालयात मांडली गेली, शिफारस मागे घेताना मात्र लोकांना सविस्तर खुलासा मिळाला नाही.

संविधानिक नैतिकता इथे काय मागते?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता, की ही नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते. कायदा सक्ती करत नाही तिथेही सत्ता वापरणाऱ्याने स्वतःला बांधून घेणे, हा तिचा गाभा. कॉलेजियमला हे लागू करायचे तर तीन गोष्टी पुरेत: कायम करण्याचे निकष आधी जाहीर असावेत, संबंधित न्यायमूर्तींचे म्हणणे ऐकले जावे आणि नकाराची कारणे लेखी मिळावीत. पक्षकाराला नकार देताना न्यायाधीशाने कारणे लिहिणे अपेक्षित असते. न्यायाधीशाला नकार देणाऱ्यांना त्यातून सूट नको.